पंच क्रमांक दोन

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला दौंडच्या गार्डमामांचं नाव घ्यावं लागतं. लागतं म्हणतो, कारण ते मी आनंदानं घेत नाही. आईवडिलांनी मला निमोण्यातून शिरूरला कॉलेजात धाडलं, घरातला पहिला पदवीधर केलं. त्यांचे उपकार मी चार माणसांत हात जोडून सांगू शकतो. गार्डमामांचे सांगायला बसलं की आधी त्यांचा राग येतो.

सगळी आळी त्यांना गार्डमामा म्हणायची. त्यातलं ‘मामा’ आळीनं दिलेलं आणि ‘गार्ड’ त्यांनी सक्तीनं म्हणायला लावलेलं. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून त्यांनी उभी नोकरी काढली. म्हणजे तीसेक वर्षं हा माणूस मागं पडत जाणाऱ्या जगाकडे तोंड करून बसला होता, आणि त्यातलं काहीही त्याला पसंत पडलं नव्हतं.

त्यांच्या खिडकीला दोन झेंड्या असायच्या, नोकरीतल्याच. हिरवी म्हणजे या, लाल म्हणजे येऊ नका. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत काढले, त्यात हिरवी झेंडी चार वेळा पाहिली. त्यातल्या एका वेळी ती धुऊन वाळत घातलेली होती. पाहुणे खाली उभे राहून हाका मारायचे, “मामा, ओ मामा!” आतून उत्तर यायचं, “सिग्नल बघा!”

दुसरी गोष्ट त्यांची वही. गार्डाला गाडी कुठं किती वाजता थांबली, का थांबली, हे लिहावं लागतं. निवृत्तीनंतर गाडी गेली, लिहिणं राहिलं. ‘६.१२ दूधवाला आला. ६.४० शेजारीण भांडायला आली. ६.५५ भांडण संपले. कारण : नळ.’ एकदा शेजारणीनं आपण शिवी दिलीच नाही असं म्हटल्यावर त्यांनी वही काढून तिची शिवी तिला वेळेसकट वाचून दाखवली. तेव्हापासून ती भांडायची थांबली. नमस्कार करायचीही थांबली.

बोलताना समोरच्यानं एखादं मोठं विशेषण वापरलं की त्यांच्या कपाळावर आठी चढायची.

“मामा, आज बाजारात प्रचंड गर्दी होती.”

“प्रचंड म्हंजी? तुला चालायला जागा व्हती का न्हवती?”

“होती.”

“मग गर्दी न्हवती. लोकं व्हती.”

अशा माणसाबरोबर जेवायला बसणं ही शिक्षा होती. भाजी छान झाली असं म्हणायची सोय नाही. मीठ बरोबर आहे, एवढंच म्हणायचं.

मी तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि दौंडमध्ये खोली शोधत होतो. दौंडच का, तर तिथून पुण्याला रेल्वे आहे. मला नोकरी सांभाळून, पुण्यात संध्याकाळच्या बॅचला बसून वकिलीचं शिक्षण घ्यायचं होतं. कचेरी सुटली की गाडी, गाडीतून उतरलं की वर्ग, वर्ग सुटला की परत गाडी. वेळापत्रक मी वहीत आखून ठेवलं होतं. प्रवेश परीक्षा अजून व्हायची होती, पण वेळापत्रक तयार होतं.

गार्डमामांनी मला दारातच उभं केलं.

“काय करता?”

“लिपिक आहे. आणि लॉ करायचंय. संध्याकाळच्या बॅचला.”

“का?”

हे वाक्य माझं पाठ होतं. “लोकांना त्यांचेच कागद वाचता येत नाहीत, मामा. कचेरीत रोज बघतो. म्हातारी माणसं कागद उलटा धरून उभी असतात. त्यांना कागद वाचून दाखवणारा वकील व्हायचंय.”

“दिवसा कारकून, सांच्याला वकील,” ते म्हणाले. “मग माणूस कवा?”

त्यांनी हातानं लिहिलेला करार पुढं केला. मी भाड्याचा आकडा बघितला आणि तीन ठिकाणी सह्या ठोकल्या. मामा कागद घेऊन आत गेले आणि बाहेर आले ते एका बकरीचा दोर हातात घेऊन.

“धर. सहा वाजलं.”

“म्हणजे?”

त्यांनी करार माझ्या नाकासमोर धरला. विजेच्या मीटरचं कलम सहा आणि भिंतीला खिळे न ठोकण्याचं कलम आठ, यांच्या मधोमध सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : ‘कलम ७. भाडेकरू रोज संध्याकाळी सहा ते सात या वेळेत मालकाची बकरी फिरवून आणील.’

“कागद वाचून दाखवणार म्हणं लोकांना,” मामा म्हणाले आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळचा विद्यार्थी व्हायच्या आधी मी असा संध्याकाळचा गुराखी झालो. बकरीचं नाव पॅसेंजर, कारण ती सगळीकडे थांबायची. आमच्या कचेरीतली माणसं रस्त्यात भेटली की “काय साहेब, बदली कुठल्या खात्यात?” असं विचारायची. मी एका हातात दोर आणि दुसऱ्या हातात प्रवेश परीक्षेचं गाइड धरून चालायचो. दंड विधानाची कलमं पाठ करायचो. एकदा रसवंतीजवळ थांबलो असताना पॅसेंजरनं गाइडची शेवटची चार पानं खाल्ली. ती नेमकी उत्तरसूचीची होती. मामांना सांगितलं तर म्हणाले, “आता तिला तुझ्यापरीस जास्ती येतंय. तिलाच बसव परीक्षेला.”

त्या वर्षी मला मार्क इतके कमी पडले की बकरी बसली असती तरी फरक पडला नसता.

करार संपला. नवा करार आल्यावर मी तो चार वेळा वाचला. कलम सात होतं तिथंच होतं. मी ताठ मानेनं म्हणालो, “मामा, हे कलम मला मान्य नाही.”

“नगं करू सही. खोली खाली कर.”

मी सही केली. म्हणजे पहिल्या वर्षी मी बकरी न वाचता फिरवली आणि दुसऱ्या वर्षी वाचून. गार्डमामांच्या मते या दोन्हींत फार मोठा फरक होता. बकरीला तो जाणवल्याचं काही दिसलं नाही.

आता पंचनाम्याबद्दल लिहायला हवं. ते लिहायचं टाळत मी इथवर आलो.

चोरी, जप्ती असं काही झालं की पोलीस पंचनामा करतात. जे जसं दिसलं ते लिहायचं आणि दोन पंचांनी, म्हणजे त्रयस्थ माणसांनी, ते डोळ्यांनी पाहून खाली सही करायची. पंच व्हायला कुणी राजी नसतं, कारण पुढं कधीतरी कोर्टात जावं लागतं. गार्डमामांना एकदा पंच म्हणून बोलावलं होतं. त्यांनी टेपनं दारापासून खिडकीपर्यंतचं अंतर स्वतः मोजलं, दीड तास कागद वाचला आणि सही करायला नकार दिला, कारण कागदात कुलूप लोखंडी लिहिलं होतं आणि हातात होतं ते पितळी. “परत बोलावलं न्हाई कुणी,” हे ते असं सांगायचे की जणू त्यांना पदक मिळालं होतं. मला तेव्हा हा हेकटपणा वाटला. एवढ्यातेवढ्या कुलपासाठी पोलिसांना ताटकळत ठेवायचं?

मला बोलावलं तेव्हा मी शहाण्यासारखा वागलो. एक हवालदार आमच्या साहेबांकडे आला. कुठल्या ठाण्याचा ते लिहीत नाही. सरकारी नोकर पंच हवा होता. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. “जा रे, तू वकील होणार आहेस ना? अनुभव घे.” मी निघालो, तर हवालदार कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर थांबला, मोटारसायकलच्या सीटवर कागद पसरला आणि म्हणाला, “लांब कुठं येताय उन्हातान्हात? लिहिलंय सगळं बरोबर. करा इथंच.”

दुसऱ्या पंचाची सही आधीच झालेली होती. मी सही केली. त्यानं चहा पाजला आणि पिता पिता केस तोंडी सांगितली. अक्षर चांगलं आहे असंही म्हणाला.

संध्याकाळी मी मामांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “आज पंच होतो.”

मामा पॅसेंजरला पाणी पाजत होते. “काय बघितलंस?”

“मोटारचोरीची केस. विहिरीवरची पाण्याची मोटार. एका भंगारवाल्याच्या पालात सापडली. गोणपाटाखाली लपवलेली होती.”

“गोणपाट वलं व्हतं का कोरडं?”

मी पॅसेंजरचा दोर हातात घेतला.

“मोटार कुठल्या रंगाची?”

“हिरवी.”

“ऐकलेली का बघितलेली?”

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातातला दोर काढून घेतला.

“आजपासनं पॅसेंजरला मी फिरवतो,” ते म्हणाले. “ती निदान वास घेतल्याबिगर तोंड लावत न्हाई.”

आणि लंगडत निघून गेले. त्यांचा गुडघा दुखायचा, म्हणून तर कलम सात होतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं. तिसरा करार केला तेव्हा त्यात कलम सहानंतर एकदम कलम आठ होतं. त्या कागदावर सही करताना मला जेवढी लाज वाटली तेवढी बकरी हाकताना कधी वाटली नव्हती.

त्यानंतर मी खरा अभ्यास केला. संध्याकाळ मोकळी होती, पण ती मोकळी का झाली हे माहीत असल्यामुळं सुखाची नव्हती. मामा जिन्यावरून जाता-येता टोमणे मारायचे. मधल्या काळात दंड विधान जाऊन नवी न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, माझं पाठांतर पाण्यात गेलं. मी डोकं धरून बसलेला बघून मामा खूश झाले. “पाठ केल्यालं रद्दीत गेलं न्हवं? बघितल्यालं असतं तर कुणाला बदलता आलं असतं?”

दुसऱ्या वेळी परीक्षेत पास झालो. पुण्यात संध्याकाळच्या बॅचला जागा मिळाली. आता फक्त कचेरीची परवानगी हवी होती. सरकारी नोकराला तिच्याशिवाय शिकता येत नाही. माझा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. त्याच आठवड्यात कोर्टाचं समन्स आलं.

साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली. अडीच वर्षांत पहिल्यांदाच.

“तुझ्या अर्जावर सही करायचीच आहे मला,” ते म्हणाले. “हुशार पोरांनी शिकलं पाहिजे. साक्ष तेवढी नीट दे. लिहिलंय तसं बोल. साक्ष झाली की ये, सही घेऊन जा.”

हवालदारही भेटून गेला. “काही अवघड नाही ओ. सही तुमचीच का? हो. तुमच्यासमोर सापडलं का? हो. दोन हो आणि घरी.”

मी रविवारी निमोण्याला गेलो. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. आमच्या विहिरीवरची मोटार दोनदा चोरीला गेलेली. ऐन उन्हाळ्यात उभं पीक वाळलेलं मी बघितलंय. आप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “आपली मोटार गेली तवा कुठं व्हता तुझा कायदा? चोराची बाजू घ्याया शिकिवलं व्हय तुला?”

“आप्पा, तो चोर आहे का ते मला माहीत नाही.”

“मंग सही कशाला केली?”

हा प्रश्न त्यांनी रागानं विचारला होता, पण त्याहून सरळ प्रश्न मला कुणी विचारलेला नाही.

दौंडला परत आलो तेव्हा खिडकीत लाल झेंडी होती. तरी मी आत गेलो. “मामा, काय करू?”

“मला काय इचारतो? मी तितं न्हवतो.” ते वहीत लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, “तू बी न्हवतास.”

कोर्टात पिंजऱ्यात उभा राहिलो तेव्हा समोर तो भंगारवाला दिसला. त्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो, आणि माझ्या सहीवर तो दोन महिने आत राहून आलेला होता. सरकारी वकिलांनी कागद दाखवला. सही तुमचीच का? हो. मोटार तुमच्यासमोर सापडली का?

कोर्टात पंखा फिरत होता. मला पुण्याची गाडी दिसत होती, संध्याकाळची, माझ्या वेळापत्रकातली.

“सही माझी आहे,” मी म्हणालो. “मी तिथं नव्हतो. सही चहाच्या टपरीवर केली. कागद वाचलाही नव्हता.”

पुढचं लिहायला मजा नाही. मला फितूर ठरवलं गेलं, आणि सरकारी वकिलांनी उलटतपासणीत माझी सालं काढली. न्यायाधीशांनी फक्त एकच विचारलं, “तुम्हाला वाचता येतं ना?” मी हो म्हणालो. कागद उलटा धरणाऱ्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवायला निघालेल्या माणसाला भर कोर्टात हे सांगावं लागलं. दुसऱ्या पंचाला कुणी शोधू शकलं नाही. भंगारवाला सुटला. तो चोर होता की नाही, मला आजही माहीत नाही. माहीत असल्यासारखी सही मात्र मी केली होती.

बाहेर आलो तर व्हरांड्यात गार्डमामा. मागच्या बाकावर बसून सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील.

“उत्तराला सव्वा मिनिट घेतलंस,” ते घड्याळ खिशात घालत म्हणाले. “खरं बोलायला येवढा टाइम? गाडी लेट.”

परवानगीचा अर्ज ‘त्रुटी’ असा शेरा मारून परत आला. त्रुटी कुठली ते लिहिलेलं नव्हतं. मला नोटीस मिळाली, मग शिरूरला बदली झाली. प्रवेशाची मुदत गेली, जागा गेली. दौंड सुटलं म्हणजे गाडीही सुटली, कारण शिरूरला रेल्वे नाही. हवालदाराला काय झालं, तर काही नाही. साहेबांनी निरोपसमारंभ केला नाही. कचेरीतल्या दोघातिघांनी जाताना “फितूरराव” अशी हाक मारली. त्यांना ती फार विनोदी वाटली.

सामान घेऊन एसटी स्टँडकडे निघालो तेव्हा मामा पॅसेंजरला घेऊन दारात उभे होते. “मला त्या बाजूलाच जायाचंय,” म्हणाले. त्यांना तिकडं काही काम नव्हतं. आळीच्या कोपऱ्यावर त्यांनी दोर माझ्या हातात दिला.

“स्टँडपातूर तू धर. माझा गुडघा दुखतोय.”

स्टँडपर्यंत आम्ही तिघं चालत गेलो. पॅसेंजर सगळीकडे थांबली. एसटी निघाली तेव्हा मी मागच्या काचेतून बघितलं. त्यांनी हात हलवला नाही. खिशातून वही काढून वेळ लिहिली.

शिरूरच्या कचेरीत दोन वर्षांनी दुसरे साहेब आले. त्यांनी माझा अर्ज वाचला, आणि तेवढ्यानंच सही केली. मी तिसऱ्यांदा परीक्षा दिली. प्रवेश मिळाला. पहिल्या वर्गाच्या दुसऱ्या दिवशी मी दौंडला हे पत्र टाकलं.

शिरूर

ती. गार्डमामा यांस,

सा. न. वि. वि.

काल संध्याकाळचा पंचनामा पाठवत आहे. स्वतः पाहिलं तेवढंच लिहिलं आहे.

कचेरी लवकर सोडायची लेखी परवानगी घेऊन चार वाजता शिरूरहून एसटीने निघालो. वाघोलीत एसटी पस्तीस मिनिटे थांबली. कारण : पुढे वाहने. वर्गात सहा वाजून बावीस मिनिटांनी पोचलो. तास सहाला सुरू झालेला होता. सरांनी बसा म्हटले.

वर्गाला खिडक्या चार. पंखे सहा, त्यांपैकी चालू चार. बाक लाकडी. मी बसलो त्या बाकावर पेनाने कुणाचे तरी नाव कोरलेले आहे, वाचता येत नाही. माझ्या शेजारी एक बाई होत्या, वय अंदाजे पंचेचाळीस, पिशवीत जेवणाचा डबा. त्यांनी मला आधीच्या बावीस मिनिटांच्या नोट्स दाखवल्या. मी त्या उतरवण्याआधी वाचल्या.

सरांनी करार म्हणजे काय ते सांगितले. न वाचता सही केली तरी करार बांधून ठेवतो, असे म्हणाले. वर्ग हसला. मी हसलो नाही. मला बकरी आठवली. हे पाहिलेले नाही, पण खरे आहे म्हणून लिहितो.

प्रवेश अर्जावर माझी सही आहे. अर्ज एकूण नऊ पाने. सर्व वाचली.

दोर परत हातात दिलात त्या दिवसाबद्दल तुम्हाला काही सांगायचे होते. त्यासाठी जे शब्द सुचले ते सगळे तुम्हाला न आवडणारे आहेत. म्हणून ती जागा कोरी सोडतो.

पंच क्र. १ : खाली माझी सही आहे.

पंच क्र. २ : जागा राखून ठेवली आहे. पण वर्ग तुम्ही पाहिलेला नाही. पोस्टाने सही करून पाठवलीत तर मी ती स्वीकारणार नाही. गुडघा बरा असेल त्या दिवशी पुण्याला या, पंखे मोजा, कागद वाचा, आणि मग करा.

पॅसेंजरला आणायला हरकत नाही.

तुमचा भाडेकरू